बोअरची मोटर

निलंग्याकडच्या एका गावात सिंधू शाळेवर मास्तरीण होती. तिचा घटस्फोट पक्का झाला तेव्हा तिचे वडील शेषेराव चारचौघांत बोलून बसले, "त्याचं काहीच नको आपल्याला. लेक तेवढी मोकळी करा." घ्या! म्हातारा बोलून मोकळा झाला, आता निस्तरायचं लेकीनं.

लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून कोर्टासाठी उस्मानाबादचा हेलपाटा तेवढा वाचला होता. कोर्टातल्या सह्यांआधी सिंधूच्या वकिलानंच तिला देण्याघेण्याचा हिशेब करायला उमादेवींकडं धाडलं. उमादेवी लातुरात आडत्यांच्या आयकराचं काम बघायच्या. नवऱ्याविषयी त्यांनी अवाक्षर विचारलं नाही.

"पगारातून काय कापलं जातंय?"

"पतसंस्थेचा हप्ता. बोअर पाडायला कर्ज काढलं होतं. वर मोटर बसवली."

"कुणाच्या रानात?"

"त्यांच्याच," सिंधू म्हणाली आणि तिला स्वतःचाच राग आला. लग्न मोडलं तरी हप्ता चालूच राहणार, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे पाणी त्यांच्या रानात आणि कपात तुमच्या पगारात," उमादेवी म्हणाल्या. "त्यांचं काय, तुमचं काय, ते आधी निवडा बाई. दानधर्म मग करा. मोटरची पावती कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग उरलेलं कर्ज त्यांनी पतसंस्थेत भरावं, न्हाईतर तुम्ही मोटर काढून आणावी. तोवर सही करू नका. आणि नुसतं बोलायला जाऊ नका, मिस्त्री घेऊन जा."

दुष्काळानं गावातल्या विहिरी ठणठणीत कोरड्या पडल्या होत्या. आख्खी आळी त्याच बोअरवर जगत होती. सिंधू मिस्त्रीला घेऊन पोचली तेव्हा बायांची रांग लागलेली, आणि सगळ्यांत पुढं तिची सासू सरजाबाई.

तिचा नवरा, श्रीमंत त्याचं नाव, बाजेवर बसून हसला. "ने की काढून. आळी तहानली तर शिव्या तुलाच बसतील."

बेणं बरोबर दुखऱ्या जागी बोललं. रांगेत तिच्या वर्गातल्या पोरांच्या आया होत्या. मिस्त्री पान्हा घेऊन तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. जाऊ दे, भरू हप्ते जन्मभर, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात सरजाबाईनं रिकामी घागर पालथी घातली.

"काढ गं सिंधू. मी आळीला पाणी पाजतोय म्हणून हा गावभर मिरवतो. पाणी तुझ्या पगाराचं हाय, मला ठाव हाय."

मग मागच्या बाईनं घागर पालथी घातली, तिच्या मागचीनंही घातली. सगळ्या श्रीमंतकडं बघत उभ्या राहिल्या. त्याचं हसणं कुठल्या कुठं गेलं.

"भरतो कर्ज," तो खाली बघत म्हणाला.

घटस्फोटानंतरच्या दुसऱ्या लग्नात मिरवायला आधीच घेऊन ठेवलेली फटफटी त्यानं विकली आणि कर्ज फेडलं. मोटर जागेवरच राहिली. मगच सिंधूनं कोर्टात सही केली.

घरी शेषेराव मात्र घुश्श्यात होते. "चारचौघांत शब्द दिला होता मी. त्याचं काही नको म्हणून."

सिंधूनं त्यांच्यापुढं भाकरीचं ताट ठेवलं.

"त्याचं कुठं काय घेतलं, आबा? माझंच त्याच्याकडं राहिलं होतं, ते आणलं."