चौथा कप साबणाचा

मी अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये उभं असलेलं जुनं वॉशिंग मशीन आहे, आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे. तो का आला, ते ऐका.

१९८२ च्या ऑक्टोबरमध्ये दोन माणसांनी मला ट्रकमधून उतरवलं, जिन्यावरून खाली आणलं आणि माझे चारही पाय एका पातळीत बसवून दिले. मी तेव्हा पांढरीशुभ्र होते. माझ्यासोबत एक छोटं माहितीपुस्तक आलं होतं. किती कपडे, किती साबण, कोणतं पाणी, सगळं त्यात चित्रांसकट लिहिलेलं होतं. घरमालक दिगंबर हे मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी ते पुस्तक न उघडताच वरच्या फळीवर टाकलं.

"कपडे धुवायच्या मशीनचं काय वाचायचं?" ते बायकोला, म्हणजे लतिकाला, म्हणाले.

तिथूनच माझे हाल सुरू झाले. कपडे धुण्याचं काम दिगंबरांनी हौसेनं स्वतःकडे घेतलं होतं. दर शनिवारी ते आठवड्याचे सगळे कपडे एकदमच माझ्यात कोंबायचे, वर हातानं दाबायचे. टॉवेल, जीन्स, चादरी, सहा वर्षांच्या नीलाचे फ्रॉक, सगळं एकत्र. पाणी कायम गार, कारण गार पाण्यानं रंग टिकतो असं त्यांचं मत. आणि साबणाची पावडर? पुस्तकात एक कप लिहिला होता. ते तीन घालायचे. फेस जितका जास्त तितके कपडे स्वच्छ, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

तुम्हीच सांगा, गच्च भरलेल्या टबात माझा मधला दांडा फिरणार कसा? इथल्या हिवाळ्यात नळाचं पाणी बर्फासारखं असतं, त्यात पावडर विरघळणार कशी? कपडे खळबळून निघायला जागाच नसायची. ते बाहेर यायचे ते कडक होऊन, पांढरे पट्टे घेऊन. पिळताना सगळं ओझं एका बाजूला जायचं आणि मी थडथड हलायचे. मग दिगंबर माझ्या झाकणावर थापट मारून म्हणायचे, "डिफेक्टिव्ह पीस दिलाय यार आपल्याला."

मी डिफेक्टिव्ह नव्हते. पण हा अपमानही मी गिळला असता. पुढं जे झालं, ते मात्र मला गिळता आलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात नीलाच्या मानेवर, कमरेवर आणि गुडघ्यांच्या मागे लाल पुरळ उठलं. ती खाजवून खाजवून रक्त काढायची. डॉक्टर म्हणाले, खाण्यातलं काहीतरी सोसत नसेल. दूध बंद झालं, अंडी बंद झाली, शेंगदाणे गेले. वाढदिवसाला केकसुद्धा मिळाला नाही. पुरळ हटेना. शाळेत खेळाच्या तासाला मुली तिचा हात धरेनात.

"तूच काहीतरी खायला घालतेस," दिगंबर लतिकाला म्हणाले. ती खाली येऊन माझ्याशेजारी कपड्यांच्या घड्या घालत रडत राहिली. तेवढ्यात नीला जिन्यावर येऊन उभी राहिली.

"आई, ॲम आय डर्टी?" तिनं विचारलं.

लतिकानं तिला जवळ घेतलं. आणि दिगंबरांनी काय केलं? मुलीचे कपडे आणखी स्वच्छ निघावेत म्हणून साबणाचा चौथा कप घातला. मला तोंड असतं तर मी त्याच क्षणी ओरडले असते.

मार्चमध्ये दिगंबरांची पुतणी मृणालिनी आली. ती शिकागोत केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होती आणि सुट्टीत या घरी राहायला यायची. आंघोळीआधी लतिकानं तिला धुतलेला, घडी केलेला टॉवेल दिला.

"काकू, हा किती कडक आहे. एकदा नुसत्या गरम पाण्यातून काढते," असं म्हणून तिनं तो एकटाच माझ्यात टाकला आणि मला सुरू केलं. पाच मिनिटांनी तिनं झाकण उघडलं आणि जिन्याकडे वळून हाक मारली.

"काकू, काका, जरा खाली या. मी साबण घातलेलाच नाही आणि हे बघा."

टबभर फेस आला होता.

"मशीनमध्ये आधीचा राहिला असेल," दिगंबर म्हणाले.

मृणालिनीनं वाद घातला नाही. मला रिकामीच गरम पाण्यानं फिरवलं. पाणी नितळ राहिलं. मग तिनं कपाटातून नीलाचा धुतलेला फ्रॉक आणून टाकला. पुन्हा फेस.

"काका, मशीन ठीक आहे. साबण कपड्यांतच राहतोय. आणि हाच फ्रॉक ती दिवसभर अंगावर घालते."

दिगंबरांनी तो फेस बोटांवर घेऊन पाहिला. मग त्यांनी फळीवरचं पुस्तक काढलं.

त्या आठवड्यात घरातलं प्रत्येक कापड माझ्यातून साबणाशिवाय दोनदा गेलं, गरम पाण्यात, अर्धाच टब भरून. त्यानंतर एकच सपाट कप, तोही आधी कोमट पाण्यात विरघळवून, मग वरून कपडे. शेवटी एकदा जास्तीचं खळबळणं. पांढरे पट्टे गेले, माझं थडथडणं थांबलं. महिन्याभरात नीलाची मान स्वच्छ झाली. डॉक्टरांनी तिचं दूध परत सुरू केलं.

एका शनिवारी दिगंबर लतिकाला म्हणाले, "मी तुला उगाच बोललो. चुकलंच माझं."

"मला नंतर सांग," ती म्हणाली. "आधी नीलाला सांग. ती स्वतःला घाणेरडी समजत होती."

ते जिन्याच्या पायरीवर नीलाजवळ बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"सो इट वॉजन्ट मी?" तिनं विचारलं.

"नाही बाळा. मीच साबण जास्त घालत होतो."

मित्रांनो, मला सॉरी कुणी म्हटलं नाही, आणि मला ते नकोही आहे. माझा राग वेगळाच आहे. एक पुस्तक उघडायला दहा मिनिटं लागली असती. ती वाचवण्यासाठी एका मुलीनं अख्खा हिवाळा अंग खाजवलं आणि तिच्या आईनं नसलेला दोष ऐकून घेतला. म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या घरी कुणी टब गच्च भरून साबणाचा दुसरा कप उचलला, तर तो माणूस कितीही मोठा असो, त्याचा हात धरा.