शेवंडींना गोडं पाणी

"अगं माय! रडायलंय की गं हे!"

रखमाबाईनं अशी काही उडी मारली, की मागे भिंत होती म्हणून बरं, नाहीतर ती थेट परसात जाऊन पडली असती. तानीच्या हातात काहीतरी हिरवट, काटेरी, हातभर मिशांचं होतं, आणि ते चक्क ओरडत होतं. किर्र, कुर्र! तेल न घातलेल्या बिजागरीसारखं.

"रडते कशाला? मिशांचं बूड घासते. धरली का अशीच वाजते," तानी हसत म्हणाली. "शेवंड हाय ही, बाय. कोलंबीची थोरली भैन. चावाया नांग्या पन नाय हिला. फक्त शेपटीत बोट घालू नको, नायतर बघ मजा!"

बोट घालायचं? रखमाबाईनं दोन्ही हात पदराखाली दडवले.

नवऱ्याला, नागोरावाला तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर फिटरचं काम लागलं, म्हणून परतूरकडची ही बाई सालवडच्या भाड्याच्या खोलीत येऊन पडली होती. शेजारणी एक हिंदी बोलणारी, एक गुजराती. रखमाबाई आपली दोघींना मान हलवायची. समुद्र इतका जवळ, पण तिनं अजून पाहिला नव्हता. नागोरावाच्या गळ्यात तुळशीची माळ, तेव्हा मासळीचं नावही घरात निघत नसे. आणि गंमत म्हणजे, या मुलखात तिच्याशी मनापासून बोलणारी एकच बाई होती, ती नवापूरची मासळीवाली! फेरी संपली की तानी तिच्या पायरीवर टेकायची, रखमाबाई वरून ओंजळीत पाणी ओतायची, आणि मग दोघींचं जे सुरू व्हायचं ते विचारू नका.

आज मात्र तानी फेरीला जातानाच थांबली होती.

"जिवलीचा नवरा यायचाय आज रातीला. लगीन झाल्यावर पयल्यांदाच." जिवली ही तानीची एकुलती एक लेक. "सातपाटीची मानसं ती, मोठ्या होडीवाली. लग्नात व्याहीनबायनं जेवनाला नाक मुरडलं होतं. जावयाच्या पानात शेवंड नाय पडली, तर म्हनेल, नवापूरच्या दर्यात काय नुसते बोंबीलच हायत? नि ऐकून घ्यावं लागंल कुनाला? माझ्या जिवलीला!"

भावाच्या जाळ्यात पहाटेच दोन शेवंडी लागल्या होत्या. घरी ठेवाव्या तर मांजरं, पाटीत घेऊन फिरावं तर ऊन. तानीनं त्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि रखमाबाईच्या खोलीमागच्या सावलीत ठेवल्या.

"येताना नेते. सुकू देऊ नको, एवढंच बघ."

तानी बोईसरच्या वाटेला लागली आणि रखमाबाईची पंचाईत सुरू झाली. काम सुचेना. भाकरी थापता थापता कान मागे. शेवटी ती लाटणं घेऊन गेली (लाटणं कशाला, ते तिलाच ठाऊक!) आणि लांबूनच गोणपाटाचं टोक उचललं. आतून चार काळे डोळे तिच्याकडे बघत होते. तोंडाशी फेस. गोणपाट कडेनं वाळत चाललेलं. चैत्रातलं ऊन म्हणजे काय थट्टा आहे?

"अगं बया, तहानल्या की ह्या!"

माहेरी दुधना नदीतले खेकडे पोरं बादलीत ठेवत. चांगले चार-चार दिवस जगत. मग हिशेब सोपाच होता. घरात प्यायच्या पाण्याच्या दोन घागरी होत्या. लांबच्या विहिरीवरून सकाळी रांगेत उभी राहून आणलेल्या, कारण दारातल्या विहिरीचं पाणी मचूळ. पाहुण्याला काय मचूळ पाणी द्यायचं? तिनं दोन्ही घागरी लोखंडी टबात रिकाम्या केल्या आणि डोळे मिटून गोणपाट वर उपडं केलं.

फटाक! फटाक! शेपट्या अशा आपटल्या की रखमाबाई नखशिखान्त भिजली. पण खूश झाली.

"बघा कशा खेळायल्या!"

जरा वेळानं खेळ थांबला. निजल्या असतील, म्हणून ती आत गेली, भांडी घासली, पुन्हा आली. मिशा पाण्यावर नुसत्या तरंगत होत्या. तिनं लाटण्यानं हळूच ढोसलं. ना किर्र, ना कुर्र. एक शेवंड सावकाश कुशीवर वळली आणि तशीच राहिली.

रखमाबाईच्या हातातलं लाटणं टबात पडलं.

तानी आली ती गाणं गुणगुणत, रिकामी पाटी कमरेला लावून. टब बघून तिचं गाणं मध्येच तुटलं.

"कुठलं पानी हाय ह्ये?"

"प्यायचं. आपलं, लांबच्या विहिरीचं."

"गोडं?"

"लई गोड..."

तानी मटकन खाली बसली. "अगो बाय माझे! दर्यातल्या जीवाला गोडं पानी म्हंजे इख गो, इख!"

रखमाबाईला काही कळेचना. पाणी? पाण्यानं जीव जातो? ज्या पाण्यासाठी ती उन्हात उभी राहिली, जे स्वतः घोट घोट पुरवून प्यायली असती, त्या पाण्यानं? तिनं टबातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखून पाहिलं. गोडच होतं. म्हणून तर ती रडायला लागली.

तानी तिच्यावर ओरडणार होती, तोंड उघडलंही होतं. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"मीच खुळी. आमच्याकडं रांगतं पोर पन हे जानतं, तर तुला सांगावं हे माझ्या डोक्यातच आलं नाय."

तिनं शेवंड उचलली, हुंगली, शेपटी दाबून पाहिली. "आताच गेल्यात. लगेच शिजल्या तर शिजल्या. नवापूर गाठेपर्यंत मांसाचा लगदा होईल." तिची नजर खोलीकडे गेली, भिंतीवरच्या विठोबाच्या तसबिरीवर थांबली आणि परत आली. "जाऊ दे. तुमच्या घरात माळ हाय."

रखमाबाईनं नाक पुसलं. परसात तीन विटा मांडल्या, काटक्या पेटवल्या आणि आत जाऊन पितळेचं मोठं पातेलं घेऊन आली. लग्नात बापानं दिलेलं, गळ्यावर नाव कोरलेलं: पुंजाराम यांजकडून चि. रखमास. सणाच्या खिरीशिवाय ते कधी चुलीवर चढलं नव्हतं.

"ह्ये? नको गो!"

"घरातली भांडी त्यांची हायेत. हे माझं हाय. चढव."

पाणी कसलं, तर त्याच टबातलं. तानीनं त्यात मुठी मुठी मीठ टाकलं. रखमाबाई बघतच राहिली.

"हेच मीठ मी मघाशी टाकलं असतं तर?"

तानीनं तिच्याकडे पाहिलं आणि त्या तसल्या वेळीही तिला फस्सकन हसू आलं. मग तिचं तोंड पुन्हा उतरलं. "पन जावई वळखील. जित्ती शिजली का शेपटी गच्च आत वळते. मेलेली सैल ऱ्हाते. म्हनेल, सासूबायनं शिळी वाढली."

"वळवून बांधली तर?"

"बांधतात का कुठं?"

"भरलं कारलं नाही का दोऱ्यानं बांधत?"

आणि काय सांगावं! सकाळी लाटणं घेऊन चार हात लांब उभी राहणारी रखमाबाई ती थंडगार, काटेरी शेवंड मांडीवर घेऊन बसली. शेपटी पोटाकडे वळवली, कारल्यासारखे दोऱ्याचे वेढे घातले, दातानं दोरा तोडला. दुसरीचंही तसंच. बोटांना काटे टोचले, पण तिनं हूं की चूं केलं नाही.

उकळी फुटली आणि रखमाबाई किंचाळली. "रक्त! रक्त उतरलं गं!"

"रगत नाय गो. तिचं रगत पान्यासारखं असतं. हा रंग तिच्या कवचातच दडलेला. आग लागली का भायेर येतो."

हिरव्याच्या लालभडक झाल्या होत्या. रखमाबाई आ वासून बघत होती, आणि नेमका तेव्हाच नागोराव दारात उभा राहिला. वास त्याला रस्त्यातच लागला असावा. त्यानं विटा पाहिल्या, तानीला पाहिलं, पातेल्यातले लाल पाय पाहिले आणि मग पातेल्याच्या गळ्यावरचं सासऱ्याचं नाव.

"पाणी दे प्यायला," तो म्हणाला.

"नाही. संपलं."

"दोन घागरी?"

रखमाबाईनं मानेनंच पातेल्याकडे दाखवलं. नागोरावाचा हात नकळत गळ्यातल्या माळेवर गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो हळूच बोलला, "ते भांडं आता घरात यायचं नाही." आणि रिकामी घागर उचलून विहिरीकडे निघून गेला.

तानी पातेलं पाटीत घेऊन भरभर नवापूरच्या वाटेला लागली.

दोन दिवस ती आलीच नाही. रखमाबाईनं नाही नाही ते मनात आणलं. जिवलीला परत पाठवलं असेल, जावई पानावरून उठला असेल. तिसऱ्या दिवशी तानी आली. पाटी खाली ठेवण्याआधीच बोलायला लागली.

"दोन्ही खाल्ल्या त्यानं! शेपट्या मोडून, चोखून चोखून. नि मग दातातून ओढून काढलानी, काय? दोऱ्याचा तुकडा! म्हनतो, सासूबाय, शेवंडीला शिवन कुनी घातली?"

"अगं माय! मग?"

"म्हटलं, माझ्या बहिनीनं. परतूरकडची हाय."

रखमाबाई हसली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला.

तानीनं पाटीतून पातेलं काढून पुढे धरलं. वाळूनं घासलेलं, सोन्यासारखं. "त्यांना सांग, वाळू नि चिंच लावून तीनदा घासलंय."

रखमाबाईला वाचता येत नव्हतं. पण त्या ओळीत बाप कुठे आणि आपण कुठे, हे तिला लहानपणच्या गोंदणासारखं पाठ होतं. तिनं दोन्हीवरून बोट फिरवलं. मग घागर उचलली, आणि ओंजळ पुढे करायला निघालेल्या तानीच्या हातांवर न ओतता पातेल्यात पाणी ओतलं.

"तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

तानी पातेल्याला तोंड लावून प्यायली. मग पाटीत बोंबलांच्या मधोमध तिनं ते नीट बसवलं आणि पाटी डोक्यावर घेतली. पातेल्याचा पितळी गळा पाटीवर दिसत होता. वळणापर्यंत पुंजारामाचं नाव उन्हात चमकत गेलं, आणि रखमाबाई पायरीवर उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली, लेक सासरी निघाल्यावर बघतात तशी.