ओल्यातही ऊब देणारी रजई

“सातशे दहा ग्रॅम म्हणे. पिशवी धरून की पिशवी सोडून, ते कोण सांगणार? सगळे लबाड.”

हे पुटपुटणं शिवणबाईंच्या अगदी कानाशी झालं, पण त्यांच्याशी झालं नाही. दुकान एवढं अरुंद होतं की दोन्ही भिंतींना टांगलेल्या रजयांमधून एका वेळी एकच माणूस सुखाने जाऊ शकलं असतं, आणि आत गिऱ्हाइकं तिघं होती: बाई, त्यांचा नवरा आणि सगळ्यात पुढे लेक. नवऱ्याचं बोलणं रजईच्या लेबलाशी चाललं होतं. गेली दोन वर्षं ते लेबलांशी बोलत, खिडकीशी बोलत, फारच अडलं तर लेकीमार्फत बोलत. बाईंचंही तेच. “कुणाला चहा हवा असेल तर गार होतोय,” असं त्या ओट्याला सांगत, आणि “कुणी पंखा बंद केला तर बरं होईल,” असं उत्तर वर्तमानपत्रामागून येई. रुसवा म्हणावा तर दोघंही साठीच्या घरातली. भांडण म्हणावं तर आवाज कधी चढलाच नाही. नात्यातल्या लोकांना वाटे, वयोमानाने माणसं कमी बोलतात.

नवरा वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेला. बाजारात त्यांचं नाव होतं ग्रॅमसाहेब. एकदा सख्ख्या मावसभावाचा तराजू चाळीस ग्रॅमने खोटा निघाला, तेव्हा त्यांनी त्याच्या दुकानाला स्वतःच्या हाताने सील ठोकलं आणि संध्याकाळी त्याच्याच घरी वाढदिवसाला गेले होते. बाई तेव्हा शरमेने अर्ध्या झाल्या होत्या, पण मनातून अभिमानही वाटला होता. आपल्या माणसाच्या तोंडून खोटं निघणार नाही, या खात्रीवर त्यांनी पस्तीस वर्षं काढली. शिवणाच्या दुकानात चार बायका आपापल्या नवऱ्यांच्या थापा सांगत बसल्या की बाई नुसत्या हसून सुईत दोरा ओवत.

दोघांना डोंगर चालायचा नाद होता. लेक शाळेत जायला लागल्यापासून दरवर्षी सात-आठ दिवस पाठीवर सॅक टाकून निघायचं, हा शिरस्ता. निघायच्या आदल्या दिवशी साहेब स्वयंपाकघरात काटा मांडून सामानाची बरोबर निम्मी वाटणी करत. तंबू आणि स्टोव्ह त्यांच्या सॅकमध्ये, रजई आणि शिधा बाईंच्या. पन्नास ग्रॅम इकडे जास्त झाले तर साबणाची अर्धी वडी तिकडे जाई. बाई चिडवत, मीठसुद्धा मोजून घ्या, खडे विषम निघाले तर पंचाईत. या वाटणीत दोघांनाही मोठा न्याय वाटत असे. तंबू एकाकडे आणि पांघरूण दुसऱ्याकडे, म्हणजे दोघं एकत्र असली तरच दोन्हींचा उपयोग, हे कधी डोक्यातच आलं नाही. एकत्र नसण्याचा प्रश्नच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तो प्रश्न आला. तिसऱ्या दिवशी उतारावर बाईंचा गुडघा पिरगळला आणि त्या धोंड्याला टेकून खाली बसल्या. साहेब शंभरेक पावलं खाली, वळणाशी पोचलेले. पावसाचे पहिले थेंब पडत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. बाईंनी हात वर केला. मग साहेब वळले आणि वळणाआड दिसेनासे झाले.

बाई थांबल्या. माणूस सॅक कुठेतरी आडोशाला ठेवून वर येत असेल. मग वाटलं, कुणाला तरी बोलवायला गेला असेल. मग धुकं उतरलं, पाऊस कोसळायला लागला, आणि वाटण्यासारखं फारसं काही उरलं नाही. रात्र त्यांनी कातळाच्या कपारीत काढली, भिजून गोळा झालेली पिसांची रजई अंगावर घेऊन. सकाळी साहेब दोन माणसांना घेऊन आले. खालच्या निवाऱ्यावर त्यांनी सांगितलं होतं, ‘धुक्यात काही दिसलं नाही हो, मला वाटलं मागेच आहे.’ अकरा दिवस इस्पितळ झालं. छाती बरी झाली, गुडघा लेकीने बरा केला, ती फिजिओथेरपिस्टच आहे. डाव्या पायाची दोन बोटं मात्र मेली ती मेलीच. शिवणयंत्राचा पायटा त्या पायाखाली आहे की नाही हेच कळत नाही. बाई आता उजव्या पायाने यंत्र चालवतात आणि शिवण अधूनमधून वाकडी जाते.

भेटायला आलेल्या प्रत्येकाने खापर पिसांवर फोडलं. जाऊबाईंनी तर खाटेशेजारी बसून पिसांवर पाऊण तास व्याख्यान दिलं. पीस ओलं झालं की त्याचा लगदा होतो, त्यात ऊब कशी राहणार, हल्ली कृत्रिम भरणाच्या रजया मिळतात, त्या ओल्या झाल्या तरी ऊब देतात, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का. साहेब पायथ्याशी उभे राहून मान हलवत होते. पिसांना तोंड नसतं, हे सगळ्यांच्याच सोयीचं होतं. बाईंनी त्या वेळी नवऱ्याकडे पाहिलं आणि मनात ठरवलं: हा माणूस स्वतःहून सांगेल तेव्हाच आपण बोलायचं. तोवर नाही.

दोन वर्षं त्यांनी वाट पाहिली. वाट पाहण्यातही माणूस थकतो. महिन्यापूर्वी त्यांनी शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत एक खाट टाकून घेतली, वर गादी घातली, आणि दुपारी पाठ टेकायला म्हणून सांगितलं. खरं तर स्वतःचं सामान तिथे हलवायचं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात लेकीने सहा दिवसांच्या सोप्या चालीचा घाट घातला. तिचा हिशोब साधा होता: डोंगरात मधे कुणी निरोप्या नसेल, आई-बाबांना झक मारत एकमेकांशी बोलावं लागेल. शिवाय रजई तिच्याकडून भेट, आणि तीही जोडप्याची, दोघांत एक. बाई हो म्हणाल्या. एवढी एक संधी द्यावी, असं त्यांना वाटलं. दुकानातून परतेपर्यंत तो बोलला तर जायचं, नाही बोलला तर मागच्या खोलीत.

दुकानवाली पन्नाशीची, उन्हाने रापलेली. ती पूर्वी लोकांना डोंगरात घेऊन जायची, आता गुडघ्यांनी रजा दिली म्हणून दुकानात बसते, असं तिने आल्याआल्याच सांगून टाकलं. तिने तीन रजया काढून टेबलावर पसरल्या. बाईंचा हात आपोआप काठाकडे गेला. पहिलीवर आडव्या टिपा मारल्या होत्या, आरपार. बाई म्हणाल्या, दिसायला छान आहे, पण जिथे सुई गेली तिथे भरण दबलं, म्हणजे प्रत्येक टिपेतून गारवा आत येणार. दुसरीत भरणाची सलग चादर फक्त कडांना धरलेली होती, मधे टीप नाही. दुकानवालीने बाईंकडे जरा आदराने पाहिलं आणि तिसरी, तीही टिपांचीच, न सांगता घडी करून ठेवली.

साहेबांनी खिशातून आकड्याचा छोटा काटा काढला आणि दुसरी रजई त्याला अडकवली. लेकीने डोळे मिटून घेतले. काट्यावर सातशे चौतीस आले.

“चोवीस ग्रॅमची लबाडी,” साहेब समाधानाने म्हणाले.

“पिशवी सोडून सातशे दहा असते, दादा,” दुकानवाली म्हणाली. “काढा पिशवी.”

पिशवी काढली, वजन बरोबर भरलं, साहेबांचा चेहरा पडला. बाईंच्या मनात आलं, चोवीस ग्रॅम याच्या घशाखाली उतरत नाहीत. ती एक नजर मात्र दोन वर्षांपूर्वी गिळली, आणि ढेकरसुद्धा नाही.

मग तापमानाचे आकडे निघाले. लेबलावर दोन होते. साहेबांना दोन आकडे म्हणजे फसवणूक वाटली. दुकानवालीने समजावलं, हा वरचा आकडा म्हणजे एवढ्या थंडीत झोप लागेल, आणि हा खालचा म्हणजे झोप लागणार नाही पण सकाळी जिवंत असाल. बायकांनी कायम वरचा बघावा, दुकानदार खालचा दाखवून विकतात. शिवाय ही रजई घरी पिशवीत कोंबून ठेवू नका, कृत्रिम भरण दाबून ठेवलं की कायमचं बसतं, मग कितीही झटका, फुगत नाही. बाई म्हणाल्या, माणसांचंही तसंच असतं. लेक मोठ्याने हसली. एकटीच.

जोडप्याची रजई अंगावर घेऊन बघायलाच हवी, असा दुकानवालीचा आग्रह पडला. तिने काउंटरमागे दोन चटया अंथरल्या. दोघं चपला काढून, कपडे सावरत उताणी झाली, जशी काही तपासणीच्या टेबलावर. लेकीने वरून रजई घातली. चांगली होती. हलकी, अंगावर आहे हे कळू नये इतकी. पण दोघांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती, तिथे रजई ताणली गेली होती, आणि दाराखालून येणारा वारा पायाकडून शिरून सरळ गळ्याशी निघत होता.

“जवळ सरका,” दुकानवाली म्हणाली. “दोघांची रजई जवळ झोपणाऱ्यांसाठी असते. लांब झोपलात तर उगीच वजन वाहताय.”

कुणी हललं नाही.

“कुणाला सरकायचं असेल त्याने सरकावं,” बाईंनी छताला सांगितलं.

“कुणाच्या गुडघ्याला धक्का लागायला नको,” छताकडूनच उत्तर आलं.

दुकानवालीने लेकीकडे पाहिलं. लेकीला ते पाहणं असह्य झालं असावं, कारण ती भराभरा बोलायला लागली. मागच्या वेळी काय झालं, पिसांची रजई कशी भिजली, आईला कसं इस्पितळात ठेवावं लागलं. म्हणून या वेळी कृत्रिम भरणच घ्यायचं असं घरात ठरलंय. तेव्हा अशी रजई असती तर काहीच झालं नसतं. हे सगळं ती इतक्यांदा बोलली होती की शब्द पाठ झाल्यासारखे निघत होते.

दुकानवालीने ऐकून घेतलं आणि धंद्यातल्या माणसाला जो प्रश्न पडतो तो विचारला. तंबू गळका होता का?

नाही, लेक म्हणाली, तंबू चांगला होता, पण तो बाबांच्या सॅकमध्ये होता.

“आणि बाबा?”

लेक म्हणाली, धुकं फार होतं. बाबा थोडे पुढे गेले होते. त्यांना दिसलंच नाही.

दुकानवाली हातातल्या पिशवीची दोरी ओढत होती, सोडत होती. मग ती म्हणाली, तिचा माल खपावा असं तिला वाटतंच, पण खोटं कशाला सांगा. ही रजई ओली झाली तरी ऊब देते, हे खरं. पण थोडी देते. रात्रभर पावसात उघड्यावर तीही कुणाला वाचवेलच असं नाही. रजई बदलून भागणार असेल तर जरूर बदला. तिच्या मते यांनी दोन रजया घ्याव्यात आणि तंबूही दोन घ्यावेत, ज्याचं त्याच्या पाठीवर.

“तो प्रश्न नाहीये,” लेक चिडून म्हणाली. “सांगितलं ना, धुकं होतं. तुम्ही फक्त रजई दाखवा.”

“बरं, ताई,” दुकानवाली म्हणाली.

शिवणबाई पडल्या जागी हे ऐकत होत्या. लेकीच्या आवाजात इतकी कळकळ होती की त्यांनाच तिची दया आली. पोरीने ते धुकं दोन वर्षं उराशी धरून ठेवलं होतं. ते काढून घेतलं तर तिच्याकडे बाप कुठला उरणार? उठावं, असं त्यांनी ठरवलं. हीच रजई घ्या म्हणावं, घडी करून लेकीच्या हातात द्यावी, घरी जावं आणि संध्याकाळी कपड्यांची पेटी मागच्या खोलीत नेऊन ठेवावी. त्यांनी उजवा हात टेकला.

“धुकं नव्हतं,” साहेब म्हणाले.

ते अजून उताणेच होते. रजई हनुवटीपर्यंत, काटा छातीवर मुठीत धरलेला. लेक म्हणाली, बाबा उठा आता, लोक बघतायत. दुकानात लोक कुणीच नव्हते. दुकानवाली दोन पावलं मागे सरकली होती.

साहेबांनी मान वळवली. दोन वर्षांत पहिल्यांदा ते बाईंच्या तोंडाकडे पाहून बोलत होते, आणि शब्द एकेक सुटा येत होता.

“धुकं नंतर आलं. वळणावर मी मागे बघितलं तेव्हा लख्ख दिसत होतं. तू खाली बसली होतीस. हात वर केला होतास.”

बाई टेकलेल्या हातावर तशाच थांबल्या.

“मला कळलं होतं, तुला चालता येत नाहीये ते. तंबू माझ्याकडे आहे, तेही माहीत होतं. मी घाबरलो नव्हतो. मदत आणायलाही गेलो नव्हतो. मला परत वर चढायचा कंटाळा आला.”