पाऊण तासावरचा माणूस

"काका, आज तुम्हीच काट्यावर चढा बघू," वैमानिक म्हणाला. "तुमचीही सुटका नाही."

काटेकाका बॅगेसकट काट्यावर उभे राहिले. या आडबाजूच्या धावपट्टीवर येणाऱ्या प्रत्येकाला सामानासह तोलण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि उरलेलं रेडिओसमोर. डोंगरापलीकडच्या धावपट्टीवर असाच एक एकटा जीव रेडिओ सांभाळून होता. विमान सुटलं की इकडून कळवायचं, उतरलं की तिकडून. मध्ये रस्त्याने दोन दिवस, हवेतून पाऊण तास. तेवढ्या अंतरावरून दोघांची घरादाराची, दुखण्याखुपण्याची, देवाधर्माची सगळी बोलणी झाली. भेट मात्र कधीच नाही. फोटोसुद्धा नाही. एकाने उठून जावं, तर रेडिओवर बसणार कोण?

आता पलीकडच्याने अंथरूण धरलं होतं आणि काकांना एकदा डोळ्यांनी पाहायचं म्हणून तो अडून बसला होता. आजच्या दिवसापुरता रेडिओ धावपट्टीवरचा इंधनवाला सांभाळणार होता.

तेवढ्यात काट्याशेजारचा रेडिओ खरखरला. हल्ली बापाच्या जागी पलीकडच्याची मुलगी बसायची.

"काका, वारा फिरलाय. समोरून येतोय, जोराचा. बाबा म्हणतात, शांत आहे म्हणून सांग, येऊ दे त्याला."

"आणि तू काय सांगतेस?"

"समोरून. जोराचा."

"शहाणी आहेस."

अंतर तेच, पण समोरच्या वाऱ्यात पाऊण तासाचा सव्वा तास होतो. इंधन जास्त भरावं लागतं आणि तेवढं वजन कमी करावं लागतं. म्हणजे एक माणूस. आणि आधी उतरतो तो कर्मचारी. नियम काकांना पाठ होता.

"प्रवाशांतल्या त्या उंच, जमीन-मोजणीवाल्याला विचारू का?" वैमानिक हळूच म्हणाला. "त्याला परवाचं विमान चालेल."

"त्याने तिकीट काढलंय."

"अहो, पण तुमचा माणूस परवापर्यंत..."

"माहीत आहे मला." काका काट्यावरून उतरले. "दार लावून घे."

विमान गेलं. वाईट वाटायला हवं होतं, पण आत काही हललंच नाही. काकांनी देवाचं नाव घेतलं, तेही ओठांपुरतं. मग इंधनवाल्याला उठवून ते स्वतः रेडिओपाशी बसून राहिले.

"विमान उतरलं," अखेर मुलीचा आवाज आला.

"बरं. मी येत नाही म्हणून बाबांना सांगितलंस?"



"सांगणार होते. पण त्यांनी खाट खिडकीशी ओढायला लावली. पहिला जो माणूस उतरला, तो तुम्हीच असं समजले. चांगला उंच, खांदे रुंद. म्हणाले, बघ, आवाजावरून वाटायचा तसाच आहे. हात केला त्याला. त्यानेही केला, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक."

"मग?"

"मग मला म्हणाले, त्याच्यासाठी चहा टाक. मी वळले, काका, तेवढ्यात... गेले."

काकांनी नोंदवही पुढ्यात ओढली.

"तू त्यांना काही सांगितलं नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस. विमानाला परत यायचंय, बाळा. वारा सांग."

तिने सांगितला. काकांनी उतरून घेतला. खुर्ची जरा उंच होती. त्यांचे आखूड पाय नेहमीसारखे जमिनीला न टेकता तसेच लोंबत राहिले.