बोलण्याआधीचं ऐकणारी टोपी

मी एक टोपी बोलतेय. उन्हात घालायची नव्हे, लग्नात मिरवायची तर मुळीच नव्हे. माझ्या जाळीला बत्तीस बटणं आणि तितक्याच वायरी आहेत. माणसाच्या डोक्यावर बसायचं आणि मेंदूतली हालचाल संगणकाला कळवायची, हा माझा धंदा. दोन हजार तीन साली परदेशातून खोक्यात बसून पुण्यात आले.

इथे मेंदूचा अभ्यास करणाऱ्या सुनीतीमॅडमच्या प्रयोगशाळेत अडखळत बोलणारी माणसं यायची. त्यातलाच एक दत्तप्रसाद. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होता. काम चोख, पण स्वतःचं नाव सांगतानाच गाडी अडायची. बढती चालून आली होती. मात्र ती घेतली तर दर सोमवारी परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलावं लागणार. बिचारा नकार द्यायच्या बेतात होता.

सोबत वडील, गोपाळकृष्णराव, तारखात्यातून निवृत्त झालेले. मेंदूची तपासणी आहे म्हणून त्यांनी सकाळीच लेकाच्या डोक्यावर अर्धी बाटली ब्राह्मी तेल जिरवलं होतं! तेलावर माझी बटणं काय बसणार, कपाळ! शेवटी त्यांनीच त्या सत्तावीस वर्षांच्या घोड्याचं डोकं बेसिनमध्ये शाम्पूने चोळून धुतलं. मला हसू आवरेना.

मॅडमनी नाव विचारलं. दत्तप्रसादचे ओठ हलायच्या आत वडिलांनी ते सांगूनही टाकलं. बँकेत, हॉटेलात, सगळीकडे त्यांची हीच सवय. पोराची फजिती नको, एवढाच हेतू.

मला दत्तप्रसादच्या डोक्यावर चढवून मॅडमनी आधी त्याला एकट्याला वर्तमानपत्र वाचायला लावलं, तेव्हा तो दर ओळीला अडला. मग तेच दोघांना एकसाथ वाचायला लावलं. काय सांगू, दत्तप्रसाद एकदाही अडला नाही.

"म्हणजे मनावर घेतलं की जमतं," वडील म्हणाले.

"नाही हो," मॅडम म्हणाल्या. "आता त्याला दुसऱ्या आवाजाचा आधार होता. एकट्याने बोलताना त्याच्या मेंदूची तयारी वेगळ्या रीतीने होते. ओठ हलायच्या आधीच ती या पडद्यावर दिसते. हा आळस नाही, भित्रेपणाही नाही. काय बोलायचं ते त्याला ठाऊक असतं. त्याला वेळ हवा असतो."

गोपाळकृष्णराव बराच वेळ पडद्यावरच्या रेघा बघत बसले. मग हळूच म्हणाले, "आणि मी इतकी वर्षं मधेच तोंड घालत होतो." मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं.

महिन्याभराने दोघं बढतीचे पेढे घेऊन आले. पहिला फोन कसा झाला, असं मॅडमनी विचारलं.

"मी माझं नाव सां... सां..."

गोपाळकृष्णरावांचे ओठ शिवशिवले. त्यांनी झटकन एक पेढा उचलला आणि स्वतःच्याच तोंडात कोंबला.

"...सांगितलं," दत्तप्रसाद म्हणाला. "अडखळलो. पण मीच सांगितलं."

आता माझी जाळी सैल झालीये, निम्मी बटणं गेलीयेत. मी कपाटात पडून असते आणि माझं काम एक नवी टोपी करते. तक्रार नाही. एकच विनंती आहे. कुणी शब्दापाशी अडकला, तर तो शब्द त्याचा त्यालाच बोलू द्या. अगदीच राहवत नसेल, तर जवळ पेढा ठेवा.