कबर पडेपर्यंत थांबा

आमच्या सिमितेरीतली, म्हणजे चर्चच्या दफनभूमीतली, कबरींची पहिली रांग समुद्राने कधी नेली, ते कुणाला कळलंच नाही. त्या रांगेत भेटायला जाणारं कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या रांगेत सोकोरो मास्तरांची बायको, सेलिना.

मेलेल्याला काही वर्षं मातीत ठेवायचं, मग हाडं काढून चर्चच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची, अशी आमची रीत. सेलिनासाठी कोनाडा धुतला, रविवार ठरला. शनिवारी चॅनेलची गाडी आली. चक्रीवादळ अजून यायचं होतं.

बातमीदारीण शर्मिष्ठा गुडघाभर पाण्यात उभी राहिली. वारा कॅमेऱ्यात दिसेना, म्हणून तीच तिरकी झाली.

मास्तरांनी तिला कबरी दाखवल्या. "दहा वर्षं अर्ज करतोय, बंधारा घाला म्हणून. हे दाखव गो बाय."

"काका, किनाऱ्याची धूप दिसत नाही हो कॅमेऱ्यात. पडताना दिसायला हवं. उद्या ही कबर हलवू नका. लाइव्ह गेली तर परवा मंत्री येतील."

सून डेलिशा म्हणाली, "पप्पा, मम्मीक पडूक ठेवतलात?"

"मागच्या रांगेत शेजारच्या बाप्तिस्तची आवय आसा, तुझो आजेसासरो आसा. सेलिना एकटी गेली तर बाकीची तरी रवतली."

सेलिना जिवंतपणी केस विंचरल्याशिवाय फोटोला उभी राहत नसे.

रविवारी कॅमेरा कबरीकडे तोंड करून बसला. डेलिशाने सगळ्यांना कॉफी दिली. लाट क्रुसापर्यंत यायची नि परत जायची. कॅमेरावाला समुद्राला म्हणाला, "थोडं अजून." दुपारी फोन आला, वादळ उत्तरेला वळलं. शर्मिष्ठाने कॅमेऱ्याची तिवई मिटली. "नशीबवान आहात काका. गाव वाचलं."

संध्याकाळची बातमी होती, कोकणावरचं संकट टळलं. फादर बाहेरगावी गेले, म्हणून हाडं काढायचं पुढच्या रविवारवर गेलं.

बुधवारी आभाळ स्वच्छ. वारा नाही. पौर्णिमेचं उधाण आलं आणि गाव जेवत असताना सेलिनाला घेऊन गेलं.

मास्तरांनी शर्मिष्ठाला फोन लावला.

"कुठलं वादळ होतं काका?"

"वादळ नव्हतं. भरती."

"व्हिडिओ आहे?"

"नाही."

"कबरीचा जुना फोटो असेल तर पाठवा. तिकडे उत्तरेला वादळ पोचलंय, त्या बातमीत मधे टाकता येईल."

ओहोटी लागल्यावर मास्तर हाडांसाठी डेलिशाने शिवलेली पांढरी पिशवी घेऊन किनाऱ्याने चालत राहिले. डेलिशा मागोमाग गेली.

"पप्पा, जेवूक चला."

"तिसरी रांग उद्याच काढूया. सगळी," मास्तर पाण्याकडे बघत म्हणाले. "आणि कॅमेरो घेवन कोण इलो तर सांग, हंय कोण नाय म्हणान."