काचेवरचा ठसा

“अहो मावशी, काच पुसू नका ना!” खिडकीमागची कारकून वैतागली.

मावशीचा हात तोवर फिरलाही होता. यंत्राच्या काचेवर बोट टेकलं न टेकलं, की ते उचलून ती बाहीनं काच लख्ख करायची. लोकांच्या काचांवरचे डाग पुसण्यात जन्म गेला. आता मुद्दाम डाग ठेवायचा म्हणजे जिवावरच येणार.

“आई, बोट ठेव आणि विसरून जा,” शेजारी उभी लेक म्हणाली.

मावशी नवऱ्याबरोबर या देशात आली तेव्हा ऐन विशीत होती. लेक इथंच जन्मली, नवरा इथंच गेला. इतकी वर्षं जुन्या कार्डावर भागलं. आता नवा कायदा आला होता: बाहेरून आलेल्यांनी, मग ते कितीही जुने असोत, बोटांचे ठसे देऊन राहण्याचा हक्क नव्यानं मागायचा. ठसा नाही तर चालते व्हा. कायदा करणाऱ्यांचं काय जातं? त्यांनी कधी हातात फडकं धरलंय!

मावशीनं श्वास रोखून बोट दाबलं. यंत्रावर लाल दिवा लागला. दहाही बोटांची तीच गत.

“रेघाच उरल्या नाहीत हो. काम काय करता?”

“साफसफाई. सोडा, फिनेल, कढत पाणी. झिजणारच की बोटं. चंदनाची असती तर निदान वास तरी आला असता.”

कारकून हसली नाही. “हात पाण्यात घालू नका, रेघा परत येतील कदाचित. महिनाअखेरीच्या आत परत या. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.”

“सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. यांना आमच्याच वेळी बरी घाई!”

घरी लेकीनं तिला कपसुद्धा विसळू दिला नाही. मावशी मांडीवर हात ठेवून बसून राही. आपल्याच बोटांचा तिला राग येई. लेकीला सोडून जायचं तरी कुठं? तिकडं आता ओळखीचं दारही उरलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी कारकूनबाईनं स्वतः तिचा अंगठा धरून काचेवर दाबला. लाल. दुसरं बोट, तिसरं. लाल.

“अजून एकदा,” कारकून हट्टानं म्हणाली. मग तीही थांबली. तिनं हळूच मावशीचा हात सोडला आणि जुनं कार्ड आत ठेवून घेतलं.

घरी आल्यावर मावशीनं बाह्या वर सारल्या, साबणाच्या गरम पाण्यात दोन्ही हात बुडवले आणि सकाळची भांडी घासायला घेतली. लेक दारातच उभी होती. तिनं आईला अडवलं नाही.